१८९५ च्या नाशिककर गृहिणीचा वेश : शोध, शिवण, नेसण आणि नथ

पाडव्याच्या शोभायात्रेसाठी, नाटकासाठी किंवा शाळेच्या प्रदर्शनासाठी जुना मराठी वेश करायचं ठरलं की खरेदी बहुधा नथीपासून सुरू होते. मग ठुशी, तन्मणी, कोल्हापुरी साज, बाजूबंद, चंद्रकोर असं सगळं जमत जातं आणि लुगडं शेवटी, दुकानात जे मिळेल ते. क्रम उलटा हवा. आधी कापड, मग चोळी, मग नेसण, मग केस आणि दागिने सगळ्यात शेवटी. कापडाचा पोत आणि पन्हा (रुंदी) चुकला तर निऱ्या बसत नाहीत, काष्टा सुटतो, चोळीचा काठ भलत्याच जागी जातो. वर सोनं कितीही चढवलं तरी ती चूक झाकत नाही.

त्याही आधी कागदावर तीन गोष्टी लिहा: बाई कोण, साल कोणतं, प्रसंग कोणता. ‘पेशवाई वेश’ एवढ्यावर काम होत नाही. पेशवाई म्हणजे १७१३ ते १८१८, शंभरावर वर्षं. नाशिकजवळच्या गंगापूरला राहिलेल्या गोपिकाबाई किंवा आनंदवल्लीच्या आनंदीबाई या पेशवे घराण्यातल्या स्त्रियांच्या काळात फोटो नव्हते. पुरावा चित्रांत आणि कागदपत्रांत विखुरलेला आहे. पहिलाच वेश करत असाल तर एकोणिसाव्या शतकाची अखेर घ्या. फोटो मिळतात, घरातल्या वस्तू मिळतात. या लेखात आम्ही एकच उदाहरण धरतो: साल १८९५, पंचवटीतलं मध्यमवर्गीय ब्राह्मण घर, पंचविशीतली सवाष्ण, चैत्रगौरीचं हळदीकुंकू. त्याच साली निफाडकडच्या शेतकरी घरातल्या बाईचा वेश वेगळा होईल: नेसण कामाला सोयीची, वर खोचलेली, अंगावर चांदी जास्त, कपाळावर आणि हातांवर गोंदण. दोघींची सरमिसळ करू नका.

पुरावा कुठे शोधायचा

पहिली जागा आपलं घर. जुने फोटो सगळ्यांनाच सुचतात, पण गोधडीकडे कुणी बघत नाही. जुनी लुगडी फाटली की गोधडीत जात, त्यामुळे आतल्या थरांत काठांचे आणि अंगाचे खरे तुकडे सापडतात. गोधडी उसवू नका. एका कोपऱ्याचा निसटलेला टाका उचलून आतला थर बघा, पट्टी ठेवून काठाची रुंदी मोजा आणि दिवसाच्या उजेडात फोटो काढा. रंग मात्र तिथल्यावर ठरवू नका. धुऊन आणि उन्हाने तो उतरलेला असतो. शिवणीच्या आत दुमडलेला भाग असेल तर तिथे मूळ रंगाच्या जवळ जाता येतं.

दुसरी जागा कागद. लग्नातल्या आहेराच्या याद्या, जमाखर्चाच्या वह्या, स्त्रीधनाच्या नोंदी. यातलं बरंच मोडीत असतं, तेव्हा मोडी वाचणारं माणूस सोबत घ्या. अशा यादीत दागिन्याचं नाव आणि वजन बहुधा एकत्र मिळतं, आणि वजनावरून दागिना किती मोठा असेल याचा अंदाज बांधता येतो. नाशिककरांना आणखी एक सोय आहे: तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांची नोंद ठेवणाऱ्या भटजींच्या, वह्या. त्यांत कपडे नसतात, पण फोटोतली बाई कोणत्या पिढीतली आणि घरातलं कोण कधी यात्रेला आलं होतं हे ठरवायला त्यांच्याइतकं चांगलं साधन नाही. फोटोचं साल पक्कं झालं की अर्धं काम होतं.

छापील साधनांत मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकवरचा सोळावा खंड (१८८३) आधी वाचा. त्या त्या समाजाचा पोशाख आणि येवल्याच्या रेशीम-जरीचा व्यवसाय त्यात आहे. वर्णन बाहेरून बघणाऱ्या अधिकाऱ्यांचं आहे हे लक्षात ठेवून वाचावं लागतं. १८४० मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जुन्या मराठी नियतकालिकांची चौकशी करा. प्रत्यक्ष चोळ्या, लुगडी, दागिने बघायला पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय गाठा. तिथे जाताना ‘बाहीचा काठ किती बोटांचा?’, ‘गाठ कुठे येते?’ असे नेमके प्रश्न लिहून न्या. नुसतं पाहून आल्यावर घरी काहीच आठवत नाही.

फोटो वाचताना फसगत कुठे होते

त्या काळी फोटो ज्या काचांवर काढत त्या काचा निळ्या रंगाला फार आणि लाल रंगाला फार कमी दाद देत. त्यामुळे फोटोत लाल लुगडं काळं दिसतं आणि निळं फिकट, कधी पांढुरकं. सर्व रंग नीट पकडणाऱ्या काचा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या. म्हणून ‘फोटोत काळं लुगडं आहे’ असं लिहू नका, ‘गडद किंवा लाल’ असं लिहा.

फोटोवर नंतर सोनेरी रंगाने दागिने रंगवण्याचीही पद्धत होती. भिंगाखाली दागिन्याची कडा बघा. धातूवर उजेड-सावली असते, रंगवलेल्या दागिन्याला ती नसते. विल्यम जॉन्सन यांनी १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या मुंबईच्या लोकांच्या फोटोंत माणसं वेगळी टिपून मागचं दृश्य नंतर जोडलेलं आहे. अशा चित्रातून अंगावरचं घ्या, मागची जागा सोडून द्या.

राजा रविवर्म्यांच्या चित्रांत नऊवारीची घडी आणि काठाची चमक फार उत्तम दिसते, पण त्यांच्या देवता आणि पुराणातल्या स्त्रिया कुठल्याही एका घरातल्या नाहीत. बालगंधर्वांचे फोटो १९०५ नंतरचे आणि रंगभूमीचे. त्यांची फॅशन बायकांनी उचलली हे खरं, त्यामुळे १९१५ चा वेश करणाऱ्याला ते मोलाचे आहेत. १८९५ साठी नाहीत. डॉ. आनंदीबाई जोशींचा १८८५ मधला प्रसिद्ध फोटो फिलाडेल्फियातला आहे, थंड मुलखातल्या राहणीतला. नाशिकच्या माजघरातल्या नेसणीला तो पुरावा धरता येत नाही.

कापड

नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट, सव्वाआठ मीटर. पन्हा ४५ ते ४८ इंच मिळाला तर साडेपाच फूट उंचीपर्यंत घोटा नीट झाकतो. नितंबांचा घेर ४२ इंचांच्या वर असेल तर साडेनऊ वारांचं शोधा, नाहीतर ओढाताण पदरात येते.

चैत्रातला प्रसंग आहे, तेव्हा सुती किंवा गर्भरेशमी (सूत आणि रेशीम मिश्र) लुगडं घ्या. पैठणी या घरात असली तर लग्नामुंजीची. संक्रांत असती तर काळी चंद्रकळा घेतली असती. इरकली काठापदराचं लुगडंही चालेल. रंगांत लाल, हिरवा, जांभळा, गडद निळा हे सुरक्षित. १८९५ मध्ये कृत्रिम लाल आणि जांभळे रंग वापरात होते, म्हणून भडक लाल चूक नाही. निऑन गुलाबी आणि पिस्ता मात्र टाळा. थळ घाटातून १८६५ मध्ये रेल्वे सुरू झाल्यावर गिरणीचं कापडही नाशिकला सहज येऊ लागलं, त्यामुळे अंगाचं कापड हातमागाचंच पाहिजे असा हट्ट नको.

नाशिकच्या कापड पेठेत किंवा मेनरोडला खरेदी करताना काठाचे चार धागे मागून घ्या आणि घरी जाळून बघा. सूत कागदासारखं जळतं आणि राख मऊ होते. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो, राख बोटाने चुरते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. पॉलिस्टरचं लुगडं घेऊ नका. काष्टा त्यात टिकत नाही, कारण धागा गुळगुळीत असल्याने खोचलेल्या निऱ्या एकमेकींना धरून राहत नाहीत. फॉल लावलेला असेल तर उसवा. फॉलमुळे खालचा काठ ताठ होतो आणि मागचा काष्टा जाड, फुगीर बसतो. नवं सुती लुगडं एकदा गार पाण्यातून काढून पातळ खळ द्या: एक चमचा साबुदाणा, एक लिटर पाणी, शिजवून गाळलेलं. कडक खळ देऊ नका, निऱ्या फुग्यासारख्या उभ्या राहतात.

खणाची चोळी

सगळ्या वेशात चोळीला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. आजचा खणाचा ब्लाऊज म्हणजे ती चोळी नव्हे. चोळीला पुढे हुक नाही, पुढची दोन टोकं छातीखाली गाठ मारून बांधतात. गोल कापलेला मुंढा (बाही जोडायची खाच) नाही; बाही सरळ जोडलेली आणि काखेत वेगळा तुकडा. गळा उथळ.

खण गुळेदगुड्डचा उत्तम. त्याचा पन्हा लहान, साधारण ३० इंचांच्या आसपास, आणि दोन्ही कडांना काठ. पूर्वी एका खणात चोळी होत असे. आजच्या अंगमापाला सव्वा मीटर घ्या. आधी एक कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबा, रंग जातो का बघा. मग पूर्ण कापड मीठाच्या पाण्यात अर्धा तास भिजवून सावलीत वाळवा. हे केलं नाही तर पहिल्या धुण्यात चोळी आटते आणि गाठ बसत नाही.

मापं पाच: छाती, छातीखालचा घेर, खांदा, दंडाचा घेर, बाहीची लांबी. आधी मांजरपाटाची (साध्या जाडसर सुती कापडाची) चोळी शिवून अंगावर बघा. हे टाळून खणाला कात्री लावू नका.

कापण्याचा क्रम काठ ठरवतो. एका काठावर दोन्ही बाह्या आडव्या मांडा, म्हणजे काठ बाहीच्या तोंडाशी येईल. बाहीची रुंदी दंडाचा घेर अधिक तीन इंच, लांबी कोपराच्या दोन बोटं वर. दुसऱ्या काठावर पाठ आणि पुढचे दोन भाग मांडा, म्हणजे काठ चोळीच्या खालच्या कडेला येईल. पाठीची रुंदी छातीच्या निम्मी अधिक दोन इंच, लांबी ११ ते १२ इंच. पुढच्या प्रत्येक भागाला आतल्या खालच्या टोकाशी सात इंचांची शेपटी ठेवा, गाठ तिचीच. पाच इंच ठेवले तर गाठ बसते पण बसल्या-उठल्या सुटते. सगळीकडे अर्धा इंच शिवणीसाठी.

काखेत साडेतीन इंचांचा चौरस तुकडा, त्याची एक बाजू बाहीला आणि दुसरी पाठीला, कोन काखेच्या मधोमध. हा तुकडा वगळला तर सरळ बाहीमुळे हात वर करताच पूर्ण चोळी वर सरकते आणि दोन-चार वेळांत पाठीची शिवण उसवते. छातीच्या आकारासाठी पुढच्या भागात खालून वर साडेतीन इंचांची एक चुणी घ्या, टोक छातीच्या मध्यबिंदूच्या एक इंच खाली थांबवा. छाती ३८ च्या वर असेल तर चुणीऐवजी खालचा भाग वेगळा कापून चुण्या घालून वरच्याला जोडा, बसण्यात खूप फरक पडतो.

शिवण्याचा क्रम असा: चुण्या, खांदे, बाह्या, काखेचे चौकोन, बगलेची शिवण, शेवटी गळा आणि कडा. खण उसवतो फार, म्हणून कापल्या दिवशीच शिवायला बसा आणि आतल्या कडा दुमडून तुरपाई करा. आतली लांब शिवण मशीनवर घातली तर हरकत नाही, तेव्हा शिलाई यंत्रं देशात आलेली होती. दिसणाऱ्या कडा मात्र हाताने, इंचाला आठ-दहा टाके. अस्तर लावायचंच तर मलमलचं आणि फक्त पाठीला. पुढे अस्तर घातलं की गाठ लाडवाएवढी जाड होते.

नेसण

आतून परकर नको. परकरावर काष्टा घट्ट बसत नाही. आजच्या सोयीसाठी मांडीपर्यंतची सुती चड्डी चालेल.

१. पदर नसलेलं टोक घेऊन लुगडं कमरेमागून पुढे आणा. डाव्या हाताला अर्धा ते पाऊण मीटर, उजव्या हाताला बाकी सगळं. दोन्हीकडच्या वरच्या कडेचे चिमूटभर भाग घेऊन बेंबीखाली घट्ट गाठ मारा. गाठ श्वास सोडून नाही, साधा श्वास घेऊन मारा. श्वास सोडून मारलेली जेवल्यावर काचते.

२. पदराचं टोक डावीकडून पाठीमागे, उजव्या काखेखालून पुढे आणि छातीवरून डाव्या खांद्यावर घ्या. दोन मीटर पदराला ठेवा.

३. पुढे उरलेल्या कापडाच्या पाच बोटं रुंदीच्या निऱ्या घाला. साधारण साडेतीन मीटर इथे खपतं. सगळ्या निऱ्यांचा खालचा काठ एका रेषेत आणा आणि गाठीच्या आत खोचा.

४. थोडं वाकून पायांमधून हात मागे न्या. निऱ्यांच्या खालच्या काठाचा मध्य पकडून मागे ओढा, त्याच्या पाच-सहा बारीक निऱ्या घाला आणि पाठीच्या मध्यावर खोलवर खोचा. दोन्ही काठ पोटऱ्यांवर सारखे उतरले पाहिजेत. एकीकडे काठ वर चढला असेल तर मध्य चुकलाय. ओढून जुळवू नका, काढून पुन्हा करा.

५. कमरेशी पुढे सैल राहिलेला भाग गोळा करून खोचा, तो ओचा.

६. पदर पिनांनी बारीक घडीत लावू नका. तो पसरून पाठीवरून उजव्या खांद्यावर पुढे घ्या, दोन्ही खांदे झाकले पाहिजेत. सवाष्ण हळदीकुंकवाला बसली आहे, मिरवणुकीत बुलेटवर नाही. दोन्ही नेसणींना त्यांची जागा आहे, पण त्या एक नाहीत.

नेसून झाल्यावर मांडी घालून बसा, उठा, दहा पायऱ्या चढा. काष्टा सैल झाला तर बहुतेक वेळा दोष मागच्या खोचण्यात नसतो, पहिल्या गाठीत असतो.

केस आणि कुंकू

मधोमध भांग, तेल लावून चापून बसवलेले केस, मागे अंबाडा. कपाळावर कापलेल्या बटा असतील तर वेश तिथेच फसतो, त्या तेलाने मागे घेऊन काट्यांनी बसवा. केस आखूड असतील तर गंगावन (केसांचा जोड). अंबाड्याभोवती मोगऱ्याचा गजरा. मूद किंवा केतक या केसांतल्या दागिन्यांपैकी एकच पुरे.

कुंकू मेणावर. दोन भाग मधमाशीचं मेण आणि एक भाग खोबरेल वितळवून डबीत ओता. नाशिकच्या एप्रिलमध्ये तेल कमी करून तीनास एक ठेवा, नाहीतर दुपारपर्यंत ओघळतं. मेणाचं गोल बोट टेकवून त्यावर पिंजर (कोरडं कुंकू). चिकट चंद्रकोर टिकली या सालाची नाही. कुंकू हळदीचं आहे याची खात्री करून घ्या, स्वस्त रंगाच्या पुडीने त्वचा भाजते.

नथ

तयार नथ चालते, पण बाजारातल्या बऱ्याच नथी आज फार मोठ्या असतात. फोटोतली नथ ओठाला किती टेकते हे चेहऱ्याच्या प्रमाणात मोजा आणि त्या आकाराची करा.

साहित्य: ०.७ मिमी जाडीची पितळी तार १२ सेंमी, ०.३ मिमीची ६० सेंमी, ४ मिमीचे सात मोती, ३ मिमीचे अठरा-वीस, कोंदणातला ५ मिमीचा एक लाल खडा, एक हिरवा मणी. ५ मिमीच्या खड्याभोवती ४ मिमीचे सात मोती बरोबर चपखल बसतात. सहा घेतले तर फट राहते, आठ घेतले तर फूल वाकतं.

जाड तार अडीच सेंमी रुंद लंबगोलात वाकवा, एक टोक नाकात जाणाऱ्या आकड्यासाठी मोकळं ठेवा आणि कानशीने गोल घासा. बारीक तारेत सात मोती ओवून खड्याभोवती बांधा, ते फूल लंबगोलाच्या खालच्या अंगाला घट्ट गुंडाळा. तिथून दोन्ही बाजूंना ३ मिमीचे मोती बारीक तारेने एकेक बांधत जा. खऱ्या मोत्यांचं भोक लहान असतं, जाड तारेत ते ओवले जात नाहीत. जबरदस्ती केली की मोती तडकतो. शेवटी हिरवा मणी. पूर्ण नथ पाच ग्रॅमच्या आत राहिली पाहिजे, नाहीतर नाकपुडी ओढली जाते. नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ करा. नाकाला लागणाऱ्या भागावर चांदीची बारीक तार गुंडाळा. घामाने पितळ हिरवं पडतं आणि मुलाम्याखालच्या निकेलने काहींना खाज सुटते. नथ डाव्या नाकपुडीत.

बाकीचे दागिने थोडक्यात. गळ्यात काळ्या मण्यांचं दोन वाट्यांचं मंगळसूत्र आणि ठुशी किंवा चिंचपेटी यांपैकी एक. घर बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी ठरवलं असेल तर पुतळ्यांची माळ. कानात कुड्या, वर बुगडी. हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, त्यांच्या मागेपुढे गोठ आणि पाटल्या. पायात चांदीची जोडवी. सोनं पायात घालत नसत. बाजूबंद, तन्मणी, कमरपट्टा, साज हे सगळं एकाच अंगावर चढवायचं कारण या घराच्या हळदीकुंकवात नाही.

कार्ड आणि जपणूक

प्रदर्शनासाठी वेश ठेवणार असाल तर प्रत्येक वस्तूचं कार्ड करा आणि त्यावर तीनपैकी एक शेरा लिहा: ‘वस्तू पाहिली’, ‘फोटोत किंवा कागदात आहे’, ‘अंदाज’. बघणाऱ्याला खरं काय आणि जोडलेलं काय ते कळतं, आणि पुढच्या वर्षी दुसरं कुणी हे काम हाती घेईल तेव्हा अंदाजाच्या जागीच शोध सुरू करता येतो.

लुगडं हँगरला लावू नका, घडीवर ताण येऊन काठ फाटतो. धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळून ठेवा, दर तीन महिन्यांनी घडी बदला आणि सावलीत वारा द्या. जरीला डांबरगोळी लागू देऊ नका; वाळलेला कडुलिंब पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा. चोळी धुताना गाठ सोडून, गार पाण्यात, न पिळता. नथ कापसात, हवाबंद डबीत, अत्तर आणि कुंकवापासून लांब.